एक ओळ खाली

"ताई, तुम्ही माझ्या नाटकाचा पार संसार करून टाकलात!"

दिग्दर्शक दारातच उभा होता. हातात तिने काल टाइप करून दिलेलं बाड, आणि चेहऱ्यावर रागवावं की हसावं हे अजून न ठरलेलं. तिने आधी त्याच्या चिखलाच्या चपलांकडे बोट दाखवलं आणि मग खुर्चीकडे. शनिवारची दुपार होती. बाबांचा आत्ताच कुठे डोळा लागला होता आणि तिला घटकाभर पाठ टेकायची होती. पण टायपिस्टच्या दारात शनिवार-रविवार बघून कोण येतं?

"हळू बोला. आत वडील झोपलेत. काय चुकलं? कॉमा राहिला का कुठे?"

"कॉमा? कॉमा अगदी जागच्या जागी आहेत हो! नाटकच नाहीये!"

ती चमकली. एकतीस वर्षं ती टाइप करत होती. आधी कोर्टाच्या गल्लीत एका वकिलाच्या माडीवर, मग कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, आणि बाबा आजारी पडल्यापासून गेली दोन वर्षं घरीच, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी टेबल आणि कॉम्प्युटर टाकून. गल्लीत तिला कॉमाताई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. तिच्या हाताखालून गेलेल्या कागदात चूक सापडली, असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान आजच्या दुपारपर्यंत तरी.

दिग्दर्शकाने बाड उघडून तिच्यासमोर धरलं. "वाचा. मोठ्याने वाचा."

तिने चष्मा चढवला. "बायको : दार लावलं का? नवरा : लावलं. बायको : पाऊस आहे का बाहेर? नवरा : मघाशीच थांबला. बायको : तुझी आई कधी येणार? नवरा : ती गेली ना मागच्या वर्षी. बायको : मीठ कुठे आहे? नवरा : वरच्या फळीवर, डाव्या हाताला." तिने वर पाहिलं. "बरोबर तर आहे सगळं."

"तेच तर! बरोबर कशाला केलंत? आता हे बघा." त्याने झोळीतून आपलं हस्तलिखित काढलं. तेलाचा डाग पडलेलं, कडा कुरतडलेलं. "माझं असं आहे. बायको : दार लावलं का? नवरा गप्प. स्तब्धता. बायको : पाऊस आहे का बाहेर? नवरा : लावलं. बायको : तुझी आई कधी येणार? नवरा : मघाशीच थांबला. बायको : मीठ कुठे आहे? नवरा : ती गेली ना मागच्या वर्षी."

"हो, मग? नकलून घेताना उत्तरं एकेक ओळ खाली घसरली होती. मी वर सरकवली. त्रेसष्ट पानं, एकेक ओळ. डोळ्यांचं पाणी झालं माझ्या." तिच्या आवाजात थोडा रुसवा होता, कारण खरं तर तिला शाबासकीची अपेक्षा होती. पूर्वी एका साक्षीच्या टिपणात उत्तरं अशीच घसरली होती. ती तिने पकडली तेव्हा वकिलाने चार लोकांत तिचं नाव घेतलं होतं.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. तरुण होता, पस्तिशीचा असेल, पण दाढीत पांढरे केस आले होते आणि शर्टाचं एक बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं. तो खुर्चीत बसला आणि मग त्याला जे हसू आलं ते त्याने तोंडावर हात दाबून कसंबसं आवरलं.

"अहो, ती घसरलेली नाहीत. मुद्दाम तशी आहेत. माझी माणसं एक प्रश्न मागे असतात. बायकोचा प्रश्न नवऱ्याच्या आत पोचेपर्यंत ती दुसरा टाकते. त्याचं उत्तर तयार होतं तोवर समोर भलताच प्रश्न उभा. दोघंही खरं बोलतात ताई, खोटं कुणीच बोलत नाही. फक्त जुळत नाही."

"आणि लोक तिकीट काढून हे बघणार?"

"वीसेक येतील," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "आणि माझ्या स्तब्धता कुठे गेल्या?"

"एक्केचाळीस होत्या! तोच तोच शब्द. पानं कमी व्हावीत म्हणून एकदोन ठेवल्या, बाकी काढल्या."

"त्या परत घाला. पाया पडतो तुमच्या. त्यांच्यावरच तर सगळं उभं आहे. सोमवारी संध्याकाळी सहाला तालीम आहे, मी पाचला येतो. होईल ना?"

सोमवारी सकाळी वृद्धांना ठेवून घेणाऱ्या एका संस्थेची डॉक्टर यायची होती, बाबांना तपासायला. हे त्याला सांगून काय उपयोग? "होईल," ती म्हणाली. एकतीस वर्षांत तिने कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आता कुठे सुरुवात करणार? तो चपला घालत होता तेव्हा तिच्या तोंडून निसटलंच, "असलं नाटक आमच्याकडे दोन वर्षं रोज फुकट चालतं. आमचे वडील. त्यांना नाही कुणी टाळ्या वाजवत."

तो काहीतरी विचारणार होता, पण तिने दार लोटून घेतलं.

बाबा ब्याऐंशीचे. तरुणपणापासून रिटायर होईपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, हातात वायर. लांबच्या गावाहून लांबच्या गावाला बोलणाऱ्यांना जोडून द्यायचं काम. घरी येऊन नकला करून दाखवायचे, कोण कसं ओरडतं, कोण रडतं, कोण नुसतं "बाकी काय" म्हणत तीन मिनिटं संपवतं. दोन वर्षांपूर्वी डोक्यात रक्ताची गुठळी झाली. उजवा हात गेला, बोलणं सहा महिने बंद होतं. मग बोलणं आलं, पण कसलं? काही विचारावं तर टकामका बघत राहायचे आणि मग मध्येच भलतंच काही. औषध घेतलं का विचारलं की "निळा" म्हणायचे. खिडकी लावू का म्हटलं तर "कडू आहे." पहिल्यांदा ती रडली. मग समजावू लागली. मग ओरडू लागली. अलीकडे तर ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. हात टेकले होते तिने.

आणि दादा? दादा चार तासांवरच्या शहरात राहून फोनवरून सल्ले द्यायचा. गेल्या महिन्यात मात्र स्वतः आला, संस्थेचे फॉर्म घेऊनच. "अगं, तुझी काय दशा झालीये बघ आरशात," म्हणाला. "त्यांना कुठे आता कळतंय काही? इथे काय आणि तिथे काय. डॉक्टर येऊन तपासतील, डोकं जागेवर नाही असं त्यांनी लिहिलं की आतल्या विभागात घेतात. चोवीस तास माणूस असतं. दाराला कुलूप असतं, म्हणजे कुठे जाण्याची भीती नाही." हे सगळं बाबांच्या समोर, त्यांच्या पलंगावर बसून. निघता निघता त्याने बाबांच्या गुडघ्यावर थोपटलं, "काय बाबा, जाल ना तिकडे? छान बाग आहे." बाबा त्याच्याकडे बघत राहिले. दादाने घड्याळ बघितलं. "टीव्ही लावून देऊ का?"

"नको," बाबा म्हणाले.

दादाने टीव्ही लावला नाही, आणि निघून गेला. फॉर्मवर सही तिनेच केली. कुणी तिचा हात धरून करवून घेतली नव्हती. दमली होती ती. एक रात्र सलग झोप, एक सकाळ ज्यात कुणाची चादर बदलायची नाही, एवढंच हवं होतं. त्याची तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटायचाही कंटाळा आला होता.

त्या शनिवारी संध्याकाळी ती बाबांना भरवायला बसली. स्टूल पलंगाजवळ ओढलं, त्यांच्या गळ्याशी फडकं बांधलं, मऊ भाताची वाटी हातात घेतली. बाबा सावकाश खात होते, भिंतीकडे बघत. दोन दिवसांनी ती डॉक्टर येणार, ही बहुधा शेवटच्या काही वाट्यांतली एक. तिला एकाएकी भरून आलं. समोरचा माणूस ऐकत नाही अशी खात्री असली की तोंडाला धीर येतो, तसं काहीसं झालं.

"बाबा," ती म्हणाली, "तो बांधणीवाला आठवतो का हो तुम्हाला? मला मागणी घालणारा?"

बाबा भिंतीकडेच बघत होते.

सत्तावीस वर्षं झाली. वकिलाच्या माडीखाली त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. तिने टाइप केलेली बाडं तो बांधायचा आणि प्रत्येकात न सांगता एक बारीक लाल फीत घालायचा, खुणेसाठी. एकदा घरी येऊन रीतसर विचारलं त्याने. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. बाबा तिला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि म्हणाले, "थोडं थांब. आईचं जरा बरं होऊ दे." ती थांबली. आई नऊ वर्षं अंथरुणावर होती. बांधणीवाला तीन वर्षं थांबला, मग त्याने लग्न केलं. त्याचा काही दोष नव्हता. त्यावर घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही, तिने नाही आणि बाबांनीही नाही.

"तुम्ही मला म्हणालात, थोडं थांब," ती वाटी ढवळत म्हणाली. "ते कधी मनात येतं का हो तुमच्या?"

बाबांच्या ओठांच्या कोपऱ्याला भाताचं शीत लागलं होतं. तिने ते फडक्याने पुसलं. वेडी आहे मी, ती मनात म्हणाली, भिंतीला विचारते आहे.

"अजून एक चमचा देऊ?"

"रोज," बाबा म्हणाले.

"रोज काय रोज? एक चमचा विचारतेय मी!" तिचा आवाज चढला. "आ करा. करा आ!"

बाबांनी मुकाट्याने तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते तर आजारपणापासून कायमच असायचं. तिने चमचा भरवला, तोंड पुसलं, वाटी विसळायला घेऊन गेली.

रविवारभर ती उत्तरं एकेक ओळ खाली ढकलत बसली. आधी हाताला ते पटेना. दार लावलं का, याच्यापुढे बोटं आपोआप "लावलं" मारायला जायची. तिसाव्या पानानंतर मात्र डोळ्यांना सवय झाली. प्रश्न दिसला की नजर खालच्या ओळीवर जायची, उत्तर तिथे सापडायचं. नवरा काही वेडा नव्हता बिचारा. सगळ्यांची उत्तरं देत होता, नेमकी देत होता. तिला त्याची थोडी दया यायला लागली. बायकोचा मात्र राग यायला लागला. जरा थांबशील की नाही, भवाने? चाळीस पानं झाली तेव्हा तिने मशीन बंद केलं.

सोमवारी दहाला डॉक्टरीणबाई आल्या. तिशीच्या, चटपटीत, हातात पॅड. त्यांना त्या दिवशी अशी सहा घरं करायची होती हे त्यांनी आल्या आल्याच सांगितलं. वाईट नव्हत्या. बाबांना नमस्कार केला, खुर्ची समोर ओढली, पेनाचं टोपण काढलं. बाबांना तिने धुतलेला शर्ट घातला होता, केस विंचरले होते. ती दाराला टेकून उभी राहिली. बाबा पास व्हावेत असं वाटत होतं की नापास व्हावेत, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"आजोबा, तुमचं नाव काय?"

बाबा बघत राहिले. डॉक्टरीणबाईंनी दोन क्षण वाट पाहिली, कागदावर एक रेघ मारली.

"बरं, वय किती तुमचं?"

बाबांनी आपलं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एक्स्चेंजमध्ये सांगायचे तसं ठणठणीत.

डॉक्टरीणबाई गोड हसल्या. "आज वार कोणता?"

"ब्याऐंशी."

"नोकरी कुठे करत होता?"

"सोमवार."

तिने खाली मान घातली. परक्या बाईसमोर बापाचं हसं होताना बघवत नव्हतं.

"या कोण तुमच्या? ओळखता यांना?"

"टेलिफोनमध्ये. ट्रंक लाइनवर."

आता तिने तोंडच फिरवलं. इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिलाही ओळखत नाही हा माणूस! मग राहिलंच काय? जाऊ देत. जातील तिथे सुखाने राहतील. पाठीमागे डॉक्टरीणबाईंचा आवाज सरळ एका पट्टीत चालला होता.

"शंभरातून सात गेले किती?"

"मुलगी."

"आत्ता आपण कुठे बसलोय?"

"त्र्याण्णव."

"हे माझ्या हातात काय आहे?"

"घरी. पुढच्या खोलीत."

"काही दुखतंय का आजोबा?"

"पेन."

"शेवटचा प्रश्न. तुम्हाला इथेच राहायचंय, का आमच्याकडे यायचंय?"

"गुडघा. डावा."

डॉक्टरीणबाईंनी खाली सही ठोकली, टोपण लावलं. "ताई, तुम्ही खूप केलंत. आता अजिबात अपराधी वाटून घेऊ नका. बोलणं चालू आहे, पण संबंध तुटलाय. विभागात घेतील लगेच. इथे तुमची सही."

पॅड तिच्यासमोर आलं. डावीकडे छापील प्रश्न, उजवीकडे उत्तरं, ओळीखाली ओळ. तिने पेन हातात घेतलं आणि सवयीने, सही करण्याआधी कागद वाचला. एकतीस वर्षांत न वाचता तिने कशावरच सही केली नव्हती. नजर पहिल्या प्रश्नावर गेली आणि तिथून आपोआप, रविवारभर लागलेल्या वळणाने, एक ओळ खाली उतरली.

नाव काय? तिथे नाव होतं.

वय किती? ब्याऐंशी.

वार कोणता? सोमवार.

या कोण तुमच्या? एक ओळ खाली, डॉक्टरीणबाईंच्या घाईच्या अक्षरात, मुलगी.

"बाई," ती म्हणाली. "बाई, हे बघा. उत्तरं एकेक ओळ वर सरकवा."

"म्हणजे?"

"अहो सरकवा तर! हे ह्याचं, हे ह्याचं." पेन तिच्याच हातात होतं. तिने बाण काढायला सुरुवात केली, छापील सरकारी असो नाहीतर कसला असो, त्या कागदावर तिरपे बाण. "शंभरातून सात, त्र्याण्णव. कुठे बसलोय, घरी. हातात काय, पेन. दुखतंय का, गुडघा. डावाच दुखतो त्यांचा, पडले होते दिवाणखान्यात. सगळी बरोबर आहेत हो. एक प्रश्न मागे आहेत ते. आपण थांबत नाही आणि ते मागे राहतात!"

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून घेतला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. त्यांचा चेहरा पडला. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

लांबचा कॉल असला की बोलून झाल्यावर तीन मोजायचे, असं बाबा पूर्वी सांगायचे. आवाज पोचायला वेळ लागतो, लोकांना धीर नसतो, दोघं एकदम बोलतात आणि मग दोघांनाही काही ऐकू येत नाही. किती वेळा सांगितलं असेल! तिला ते आत्ता आठवलं. दोन वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आणि त्या पाठोपाठ दादाही आठवला, गुडघ्यावर थोपटणारा. जाल ना तिकडे? नको. बाबांनी सरळ नको म्हणून सांगितलं होतं, दोघांच्या तोंडावर. आणि दोघांनी मिळून त्यांचा टीव्ही बंद ठेवला होता.

"शेवटच्याचं उत्तर नाहीये," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. दहाव्या ओळीखाली काहीच नव्हतं, नुसती त्यांची सही. "पुढे मी काही विचारलंच नाही ना."

दोघी बाबांकडे वळल्या. बाबा डॉक्टरीणबाईंकडे बघत होते, ओठ थोडे हलत होते, लांबून कुठूनतरी काही आणत असल्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं, तिने त्यांच्या दंडाला धरून त्यांना गप्प केलं. घड्याळ टकटकत होतं. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, एक, दोन, तीन, चार. स्कूटर काही सुरू झाली नाही.

"तिला विचारा," बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "ताई?"

तिला काय हवंय असं या घरात कुणी विचारलंच नव्हतं कधी, आणि आता विचारलं तर उत्तर कुठे ठेवलंय तेच सापडेना. सलग झोप हवी होती. तीही खरीच होती. दमणूक काही त्या बाणांनी पळून गेली नव्हती. डॉक्टरीणबाई शहाण्या होत्या, त्यांनी मध्ये दुसरं काही विचारलं नाही.

"इथेच राहतील," शेवटी ती म्हणाली. "पण मला माणूस हवंय मदतीला. दिवसाआड का होईना. मी दादाला सांगते. सांगते नाही, त्याला करायलाच लावते."

डॉक्टरीणबाईंनी तो बाणांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि नव्या कागदावर काहीतरी लिहिलं. जाताना बाबांना म्हणाल्या, "येते आजोबा." आणि दारात चक्क थांबल्या, बाबांचा हात वर उठेपर्यंत.

दुपारी ती पुन्हा मशीनवर बसली. नाटकाची तेवीस पानं उरली होती आणि पाचचा वायदा होता. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते, पाठमोरे. प्रश्न, खाली उत्तर. प्रश्न, खाली उत्तर. कंसात स्तब्धता. आधी जी पानं खाणारी वाटली होती, ती स्तब्धता आता ती प्रत्येक वेळी पुरी टाइप करत होती, जोडाक्षरासकट, दुसरीकडून चिकटवून न घेता. शेवटच्या पानावर बायको विचारते, अजून वाढू का? आणि नवरा भलतंच काहीतरी सांगतो. ते टाइप करताना तिची बोटं थांबली.

अजून एक चमचा देऊ?

रोज.

मग तिची नजर वर चढली, एक ओळ वर.

ते कधी मनात येतं का हो तुमच्या?

सत्तावीस वर्षांनी विचारलं होतं, आणि बाबांनी उत्तर दिलं होतं. एका शब्दात, खणखणीत. आणि तिने त्यांना आ करायला लावून वर एक चमचा भात कोंबला होता.

उरलेलं पान तिने कसं संपवलं तिचं तिला ठाऊक. पण संपवलं. कागद छापून निघाले, तिने ते जुळवून टेबलावर ठेवले. मग ड्रॉवरमध्ये तळाशी हात घातला. एका जुन्या बाडातली लाल फीत तिथे होती, विटून गुलाबी झालेली. ती कागदांत घालावी असं क्षणभर मनात आलं. तिने ती पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवली आणि स्टूल उचलून बाबांच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असं बसली.

"बाबा, परवा तुम्ही म्हणालात, रोज. मला नव्हतं कळलं. आत्ता कळलं." डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. "दोन वर्षं ओरडतेय मी तुमच्यावर. तुम्ही नीट बोलत होता आणि मी ओरडत होते. माझा राग येतो का हो तुम्हाला?"

बाबा बघत राहिले. ती थांबली. या वेळी ती थांबणार होती, पार अंधार पडला तरी. बाबांच्या पापण्या लवल्या. डावा हात हळूहळू तिच्या मनगटापर्यंत आला आणि तिथे विसावला. ओठ हलायला लागले.

दारावर थाप पडली. "ताई! पाच वाजले! झालं का हो टायपिंग?"

"नाही," बाबा म्हणाले.

"नाही?" बाहेरून दिग्दर्शक किंचाळला. "अहो नाही काय! सहाला तालीम आहे माझी! माणसं जमलीत तिकडे!"

ती हसायला लागली. रडताही येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. टेबलावर बाड तयार होतं, हात लांब केला असता तर पोचला असता. दारही चार पावलांवर होतं. मनगटावर बाबांचा हात होता आणि त्यांचे ओठ अजून हलत होते, काहीतरी आणखी येत होतं.

"झालंय हो," ती दाराकडे तोंड करून ओरडली. "पण थोडं थांबा!"

आणि ती स्टुलावरून उठली नाही.